मंगळवारचे नऊ दणके

कारभारीच्या गावात तोफांचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. गाव देवळाली कॅम्पच्या मागच्या अंगाला, तोफखान्याच्या माळाला खेटून आहे. जवान तिथं तोफा चालवायला शिकतात, आणि शिकणारा माणूस एकदा वाजवून थोडाच थांबतो? फळीवरची भांडी थरथरतात, पत्र्यावरून माती सांडते, नवखा पाहुणा चहाचा कप हातात धरून उठून उभा राहतो. गावकरी त्याच्याकडे बघून विचारतात, काय झालं, चहात माशी पडली का? नव्या सुनेला सवय व्हायला आठ दिवस लागतात. तान्ह्या पोरांना तेवढेही लागत नाहीत.

गावाला तोफा कळतात त्या डोळ्यांनी. फायरिंगच्या तारखांची नोटीस ग्रामपंचायतीत लागते, आता मोबाइलवरही येते, पण नोटिशीवर विसंबून कुणी गुरं सोडत नाही आणि कुणी घरीही बसत नाही. टेकडीवर लाल झेंडा दिसला की माळावर पाऊल टाकायचं नाही, झेंडा नसला की विळा घेऊन गवताला निघायचं, एवढंच गावाचं पंचांग. कारभारी ह्याच पंचांगावर वाढला होता. पण झेंडा बघायला टेकडी समोर असावी लागते, आणि कारभारीची नोकरी होती डोंगराच्या पोटात.

त्रेपन्न वर्षांचा माणूस, त्यातली सव्वीस वर्षं बोगद्यांत गेली. हिमालयात गेली, कोकणात गेली. एका बोगद्यातून पुढे रेल्वे धावली, दुसऱ्यातून पाणी, पण कारभारीने ते धावताना कधी पाहिलं नाही. बोगदा आरपार झाला की कंपनी त्याला पुढच्या डोंगराकडे धाडायची. गुडघे कामातून गेले, दमट हवेने छातीत घरघर बसली, दोन्ही मुलींच्या लग्नात तो सुट्टी काढून पाहुण्यासारखा उभा राहिला. यंदाच्या जुलैत कुठे त्याला घराजवळ काम मिळालं. घाटाखाली समुद्राकडे वाहून जाणारं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात आणायचं, त्यासाठी गावापासून पंधरा किलोमीटरवरच्या डोंगरातून बोगदा चालला होता. रोज घरचा डबा, गुरुवारी सुट्टी. आता रिटायर होईपर्यंत इथून हलायचं नाही, असं त्याने बायकोला, धोंडाबाईला, सांगून टाकलं होतं. खरं सांगायचं तर तो थकला होता, आणि थकलेल्या माणसाला सगळं ठीक आहे हे ऐकायला फार आवडतं.

त्याचं काम होतं डोंगराला कान लावण्याचं. बोगदा खोदणारं मशीन मोठं अगडबंब, तोंडावर पोलादी चकत्या लावलेलं. त्या चकत्या गरगर फिरत काळ्या दगडाचा भुगा करत पुढे सरकायच्या. पण पुढच्या पन्नास मीटरमध्ये काय वाढून ठेवलंय हे मशीनला कसं कळणार? त्यासाठी कारभारी बोगद्याच्या भिंतीत एकामागे एक चार भोकं पाडून त्यात चार जिओफोन, म्हणजे दगडातला कंप टिपणारी छोटी यंत्रं, बसवायचा. मग भिंतीवर जड हातोड्याचा ठोका मारायचा. ठोक्याची लाट दगडातून पुढे जाते. दगड एकसंध असला तर ती निघून जाते. मध्ये भेग असली, पाण्याने भरलेली पोकळी असली, भुसभुशीत तांबडा थर असला, तर तिथून थोडी मागे फिरते. दरीत हाक मारली की उलटून येते तसंच. असे तीस ठोके मारायचे, तीस रेकॉर्ड घ्यायचे, आणि लॅपटॉपवर पुढच्या डोंगराचं चित्र उमटलं की त्यात कुठे खराब दगडाचा लाल पट्टा दिसतो का ते बघायचं.

अट एकच, शांतता. मशीन बंद, भुगा वाहून नेणारा पट्टा बंद, पाण्याचा पंप बंद, हवेचा पंखासुद्धा बंद. मशीन मिनिटभर थांबलं तरी मोठ्या साहेबांचा फोन यायचा, त्यामुळे ही शांतता मिळायची ती दुपारी तीनच्या आधी, शिफ्ट बदलताना, मोजून चाळीस मिनिटं.

चित्र वाचायचं काम स्नेहलचं. ती शहरातल्या गंगापूर रोडची, अठ्ठावीस वर्षांची, दगड-मातीचं शिक्षण घेऊन आलेली. रिपोर्टवर सही तिची. कारभारी इथे येण्याआधी, जूनमध्ये, तिची एक फजिती झाली होती. रेकॉर्डमध्ये तिला कुणी न मारलेले ठोके दिसले. पुढे डोंगर आतल्या आत ढासळतोय असं समजून तिने मशीन थांबवलं. अकरा दिवस पुढे लांबलचक भोकं पाडून बघितली. निघाला काय, तर कोरडा ठणठणीत काळा दगड. जुलैत कारभारी आला, त्याने ते जुने रेकॉर्ड बघितले आणि हसत म्हणाला, "मॅडम, ह्या तोफा हेत. आमच्या गावच्या." फायरिंगच्या वेळा ताडून पाहिल्या, तर मिनिटाला मिनिट जुळलं.

तेव्हापासून साइटवर दोन गोष्टी झाल्या. स्नेहलला सगळे तोफेला घाबरलेली मॅडम म्हणू लागले, अर्थात तिच्यामागे. आणि कारभारीचा भाव वधारला. सव्वीस वर्षं ज्याला नुसतं 'ए हातोडावाले' म्हणत, त्याला आता कॅन्टीनमध्ये बसायला जागा देऊ लागले. रेकॉर्डमध्ये कुठे धक्का दिसला की स्नेहल त्याच्याकडे बघायची आणि तो म्हणायचा, तोफा. मग ते रेकॉर्ड बाजूला काढायचं. त्याला ते बरं वाटायचं, ह्यात लपवण्यासारखं काही नाही. आयुष्यभर न ऐकलेला आवाज म्हातारपणी उपयोगी पडला होता.

डिसेंबरातल्या त्या मंगळवारी अशीच चाचणी होती. हातोडा मोतीरामच्या हातात होता. मोतीराम सुरगाण्याकडचा, चाळिशीतला, बोलायला कमी. दिवाळीनंतर भात-नागली आवरून त्याने आपल्याच पाड्यावरची पाच माणसं जीपमध्ये घालून इथे कामाला आणली होती, आणि त्या पाचांचा मुकादम, भाऊ, बाप सगळं तोच होता. तो ठोके मारत होता, कारभारी लॅपटॉप सांभाळत होता. मधूनच कुठूनतरी दबका दणका यायचा आणि पडद्यावरच्या रेषा विस्कटायच्या. तिसऱ्या की चौथ्या दणक्याला मोतीरामने हातोडा खाली टेकवला.

"अण्णा, म्होरं कायतरी पडतंय."

"तोफा हेत रे," कारभारी मान वर न करता म्हणाला. सकाळीच त्याने मोबाइलवर नोटीस बघितली होती: सोमवार ते शनिवार फायरिंग. "तुमच्या डोंगरात तोफा कुठून ऐकणार तू? मार."

मोतीरामने मारला. तीसपैकी नऊ रेकॉर्ड दणक्यांनी खराब झाले. कारभारीने नऊही बाजूला काढले, उरलेल्या एकविसांचं चित्र स्वच्छ आलं, स्नेहलने विचारलं, "नक्की तोफाच ना, काका?" तो म्हणाला, "नक्की." तिने सही केली. पुढचे पन्नास मीटर खोदायला हरकत नाही.

गुरुवारी सुट्टी. कारभारी दहाला उठला. अंग ठणकत होतं. मागच्या दारी तोंड धुवायला गेला तर गोठ्याच्या भिंतीला गवताच्या पेंढ्या रचलेल्या. ताज्या कापलेल्या, चांगल्या चाळीस-पन्नास.

"एवढं गवत कुठलं?" त्याने विचारलं.

"माळावरलं," धोंडाबाई शेण भरता भरता म्हणाली. "मंगळवारी गेलो होतो आम्ही साऱ्या बाया. दिवसभर कापलं. कंबर अजून सरळ होत नाय."

"मंगळवारी? मंगळवारी फायरिंग होतं."

"कुठलं हो? नोटीस होती, पण झेंडाच लावला नाय. नऊ वाजता त्यांची जीप येऊन सांगून गेली, आज रद्द. कुणी मोठा साहेब यायचा होता म्हणं. एक तोफ उडली नाय दिवसभर. त्याशिवाय बाया जातील का?"

कारभारी तोंडात ब्रश तसाच धरून उभा राहिला. मग त्याने चूळ भरली, आत आला, खाटेवर बसला. खरं तर तो पुन्हा आडवा झाला. ह्याबद्दल त्याने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही, पण पाचेक मिनिटं तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि स्वतःला समजावत राहिला की बायकोचा वार चुकला असेल. बायकांना कुठला वार लक्षात राहतो. धोंडाबाईचा वार आजवर कधी चुकला नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दूधवाल्याचे खाडे ती बोटांवर सांगायची.

शेवटी तो उठला आणि लॅपटॉप उघडला. बाजूला काढलेले नऊ रेकॉर्ड तिथेच पडून होते. बघायची गोष्ट साधी होती, शाळकरी पोरालाही कळली असती. चार जिओफोन भिंतीत एकामागे एक. तोफेचा धक्का बाहेरून, बोगद्याच्या दाराकडून येतो. तो मागच्या जिओफोनला आधी लागतो, पुढच्याला नंतर. कारभारीने पहिला रेकॉर्ड मोठा करून बघितला. पुढच्याला आधी लागला होता. दुसऱ्यातही पुढच्याला. नऊच्या नऊ दणके पुढून आले होते, डोंगराच्या आतून.

त्याने ते मंगळवारी का बघितलं नाही? कारण बघायचं असतं ते नवखं असतं म्हणून. घरातल्या माणसाच्या खोकल्याला कोण उठून बघतं?

दणक्यांचा भाग कापून त्याने हातोड्याचे ते नऊ ठोके पुन्हा चित्रात घातले. एकविसांत जी पुसट रेघ नजरेतून सुटली होती ती तिसांत गडद झाली आणि चाळीस मीटरवर लाल पट्टा उमटला, पडद्यावर हाताच्या पंजाएवढा रुंद. पट्ट्यामागे काय होतं ते त्याला सांगायला कुणी नको होतं. दोन दगडांच्या सांध्यात पाणी साठलेलं, आजूबाजूचा दगड कुजलेला, आणि त्यातले धोंडे सुटून आतल्या आत पडत होते. मंगळवारपासून आज दुपारपर्यंत मशीन चौतीस मीटर पुढे गेलेलं असणार होतं. राहणार सहा. आणि आज तीनच्या शिफ्टला मशीन उभं करून झिजलेल्या चकत्या बदलायच्या होत्या. त्या कामाला माणसांना मशीनच्या तोंडाच्या आत, थेट उघड्या दगडासमोर जाऊन बसावं लागतं, चार-पाच तास. सहा माणसं जाणार होती. मोतीराम आणि त्याची पाच.

"जेवून जा," धोंडाबाई म्हणाली.

"नको," तो म्हणाला आणि मोटारसायकल काढली. सुट्टीच्या दिवशी, उन्हात, खडी उखडलेल्या रस्त्याने. वाटेत दोनदा त्याच्या मनात आलं की फोन करून सांगावं आणि मोकळं व्हावं. पण फोनवर काय सांगणार? आणि खरं म्हणजे त्याला सांगायचंच नव्हतं. आयुष्यात एकदाच चार माणसांनी त्याला शहाणा म्हटलं होतं, ते आता स्वतःच्या तोंडाने परत करायला निघायचं, ह्याचा त्याला मनापासून कंटाळा आला होता. भीतीपेक्षा कंटाळाच जास्त होता.

स्नेहल कंटेनरच्या ऑफिसात डबा खात होती. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. गवत, झेंडा, नऊ रेकॉर्ड, पुढचा जिओफोन. ती चावायची थांबली, ऐकत राहिली, मग डब्याचं झाकण लावलं.

"काका, जूनमध्ये मी तोफांना डोंगर समजले," ती म्हणाली. "आता डोंगराला तोफा समजलो."

"तुम्ही नाय. मी."

"सही कुणाची आहे?" ती चिडली नव्हती. चिडायलाही थोडा जोर लागतो. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि टेबलावर डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट होतं. "दाखवा."

त्याने दाखवलं. तिने नऊही रेकॉर्ड दोन-दोनदा बघितले आणि मोठ्या साहेबांना फोन लावला. पलीकडचं बोलणं कारभारीला ऐकू येत नव्हतं, पण स्नेहलचा चेहरा बघून कळत होतं. "हो सर. नाही सर. ह्या वेळी तोफा नाहीत, सर." मग बराच वेळ नुसतं हं, हं. फोन ठेवून ती म्हणाली, "आधीच्या चाचणीवर मशीन थांबवणार नाहीत. म्हणाले, तुमचा एक रिपोर्ट खरा की दुसरा? सव्वादोनला नवीन चाचणी घ्या. चाळीस मिनिटं. त्यात स्पष्ट काही दिसलं नाही तर माणसं आत जाणार." जरा थांबून ती म्हणाली, "आणि मंगळवारी रेकॉर्ड कुणी काढले, ते लेखी मागितलंय."

"देतो लिहून," कारभारी म्हणाला. तिने कागद पुढे केला. त्याने तिथेच दोन ओळी लिहिल्या, खाली नाव घातलं, तारीख घातली. अक्षर वेडंवाकडं आलं.

बोगद्यात पावणेदोन-दोन मैल आत जायला छोटी रुळगाडी होती. स्नेहल, कारभारी आणि हातोड्याला मोतीराम, तिघंच गेले. चाचणीच्या वेळी बाकी कुणाला आत ठेवायचं नाही असा नियमच होता. मोतीरामला काही सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंही नाही. कारभारीने नवे जिओफोन बसवले, त्यातला एक नीट बसला नाही म्हणून काढून पुन्हा घातला. मग फोनवरून एकेक गोष्ट बंद करायला सांगितली. मशीन थांबलं. पट्टा थांबला. पंप थांबला. शेवटी पंखा घरघरत निवला आणि गरम हवा तिघांच्या अंगावर येऊन बसली.

मोतीरामने ठोके मारायला सुरुवात केली. पहिला, दुसरा, पाचवा, दहावा. पडद्यावर रेषा येत होत्या, काही वेगळं नव्हतं. स्नेहल घड्याळ बघत होती. सतरा झाले, अठरा झाले. कारभारीच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला. हे खोटं ठरलं तर बरं, असं त्याला वाटलं, आणि लगेच दुसरं वाटलं, हे खरं ठरलं तर बरं. दोन्ही त्याच्या स्वतःसाठीच होतं आणि त्याची त्याला लाज वाटली.

एकोणिसाव्या ठोक्यानंतर मोतीराम हातोडा उचलत होता, तेव्हा तो आला. आवाज मोठा नव्हता. घरात वरच्या माळ्यावर कुणी पोतं टाकावं, एवढाच. पण तो पायाच्या तळव्यांतून वर चढला, गुडघ्यात आला, पोटात आला. लहानपणापासून दणक्यांत वाढलेल्या कारभारीला दणका आज पहिल्यांदा ऐकू आला. त्याला पडद्याकडे बघायची गरज नव्हती. तरी बघितलं. पुढच्याला आधी.

"अजून एक घेऊ," स्नेहल हळूच म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ती म्हणेपर्यंत दुसरा आला, आणि त्याच्या मागोमाग काहीतरी घसरत गेल्याचा लांबलचक आवाज.

"बास," ती म्हणाली. "चला बाहेर. कुणीही आत जाणार नाही. लिहून देते मी, सहीनिशी."

शुक्रवारी सकाळी पुढे भोक पाडायचं ठरलं, तेही मशीनच्या मागून, लांबून. साडेपाच मीटरपर्यंत ड्रिल कण्हत कण्हत चाललं. मग एकदम सैल झालं आणि पुढे आपोआप सरकलं, आणि भोकातून तांबडं पाणी आलं. आधी मनगटाएवढं, मग मांडीएवढं. तासाभरात कुजका दगड फुटून मशीनच्या तोंडात शिरला. ज्या जागी सहा माणसं मांडी घालून चकत्या बदलणार होती ती जागा छतापर्यंत गाळाने आणि टोपलीएवढाल्या धोंड्यांनी भरली. पाणी दोन दिवस वाहत होतं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मोठे साहेब शनिवारी येऊन फोटो काढून गेले. सोमवारी दोन पत्रं आली. स्नेहलकडून खुलासा मागितला होता. कारभारीला चाचणीच्या कामावरून काढून पंपावर टाकलं होतं, चौकशी होईपर्यंत. पंपावर म्हणजे दिवसभर स्टुलावर बसून गाळ उपसताना बघायचं. स्नेहल पत्र घेऊन त्याच्याकडे आली, म्हणाली, "काका, तुम्ही आला नसता तर कुणाला कधी कळलंही नसतं." तिला त्याला बरं वाटावं असं बोलायचं होतं. पण गुरुवारी तो आला त्याआधी मंगळवारी त्यानेच 'नक्की' म्हटलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

दुपारी तो बोगद्याच्या तोंडाशी दगडावर डबा घेऊन बसला होता. भूक नव्हती. मोतीराम नळावर हातपाय धुऊन आला आणि शेजारी बसला.

"तुमाला कागद दिला म्हणं."

"दिला. चूक माझी होती. तू मंगळवारीच बोलला होतास."

मोतीरामने मान हलवली. तो तंबाखू चोळायला लागला. मग म्हणाला, "बुधवारी तर लय वाजत व्हतं, अण्णा."

"बुधवारी? बुधवारी तुम्ही आत कुठं होता?"

"चकत्या किती झिजल्यात ते बघाया धाडलं ना आमाला. सहाजण आत व्हतो, मशीनच्या तोंडात. दोनदा वाजलं. दगडाला हात लावला त हात हालला. पोरं भाईर पळाली. आमच्या पाड्यावरल्या कुसाबाईच्या जावयानं टोपी काढून टाकली, बोलला, मी घरी चाललो, आता मिळंल त्या जीपनं. बाकीचेबी त्याच्याच मागं."

"मग?"

"मंग काय. मी परत आत गेलो, एकला बसलो तिथं. तिथूनच हाळी मारली. बोललो, कारभारी अण्णा त्याच गावचे हायेत, तोफांत जन्मलेत. अण्णा बोलले तोफा हाय, त तोफाच हाय. मंग आली एकेक करून."

कारभारीच्या हातातला घास हातातच राहिला. त्याने मंगळवारचा हिशेब केला होता, गुरुवारचा केला होता. बुधवार त्याला माहीतच नव्हता. बुधवारी तो पंपाजवळच्या शेडमध्ये जिओफोनच्या वायरी गुंडाळत बसला होता, दुपारी डबा खाऊन वीस मिनिटं झोपलाही होता.

"तुला स्वतःला काय वाटलं होतं?" त्याने विचारलं. "तोफा?"

"नाय. म्होरंच पडत व्हतं."

"मग गेलास कसा आत?"

मोतीरामने त्याच्याकडे बघितलं. प्रश्न त्याला कळला नव्हता असं वाटलं. "तुमी सांगितलं ना," तो म्हणाला.

ह्यावर त्याने शिवी दिली असती तर कारभारीला सोसली असती. पण मोतीरामच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. सव्वीस वर्षं कारभारीने साहेबलोकांना सांगितलं होतं, इथं जमीन बरी नाही, जरा थांबा, आणि सव्वीस वर्षं कुणी त्याचं ऐकलं नव्हतं. ऐकत नाहीत म्हणून तो मनातून कडवट झाला होता. आणि इथे एक माणूस स्वतःचे कान बाजूला ठेवून, स्वतःच्या पाड्यावरची पाच माणसं घेऊन, त्याच्या एका शब्दावर जाऊन बसला होता. कारभारीने हातातला घास परत डब्यात ठेवला.

तीनचा भोंगा वाजला. मोतीराम उठला, तंबाखू थुंकला, हेल्मेट उचललं.

"आज गाळ काढाया आत जायचंय, मशीनच्या तोंडापतुर. पोरं इचारतेत, आता म्होरं ठीक हाय का. काय सांगू त्यास्नी?"

"मॅडमला विचार," कारभारी म्हणाला. "मला नको विचारू. मला त्या कामावरून काढलंय."

"मॅडमनं सांगितलं, ठीक हाय. पण पोरं बोलली, अण्णाला इचारून ये."

कारभारीने डबा बाजूला ठेवला. तो उठून उभा राहिला. पलीकडे रुळगाडीजवळ ती पाच माणसं हेल्मेट हातात धरून, त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती.